एआय एजंटला पेपर ट्रेडिंग करू द्या, पण वही तुमच्याकडे ठेवा

नवी मुंबईत ऐरोलीपासून महापेपर्यंतच्या कुठल्याही आयटी पार्कच्या कँटीनमध्ये बसा, एआय एजंटकडून पेपर ट्रेडिंग करून घेणारा एक तरी भेटेल. खरे पैसे कुठेच नाहीत. एजंटच्या हाती खोटे दहा लाख दिलेले असतात आणि काय घ्यायचं, काय विकायचं ते तो रोज ठरवतो. "किती फायदा झाला?" विचारलं की आकडा लगेच मिळतो. "हा आकडा आला कुठून?" विचारलं की गडी चॅट उघडतो आणि वर-खाली सरकवत बसतो.

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. एजंट हुशार कसा करायचा यावर व्हिडिओंचा पाऊस आहे, हिशेबाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, बाजाराचा तज्ज्ञ नाही. त्यामुळे कुठला शेअर घ्यावा हे इथे सापडणार नाही.

काय काय लागेल

- साधा लॅपटॉप, स्वतःचा. ऑफिसचा नको. आपल्याकडे बरेच जण बँका आणि ब्रोकरेज कंपन्यांच्या बॅक ऑफिसात आहेत. तिथे वैयक्तिक ट्रेडिंगचे नियम कडक असतात आणि ऑफिसच्या मशीनवर बाहेरची एपीआय की (दुसऱ्याची सेवा आपल्या प्रोग्राममधून वापरायची गुप्त किल्ली) ठेवणं म्हणजे विनाकारण आफत.
- पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस. दोन्ही फुकट. एसक्यूलाइटचा सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो, बॅकअप म्हणजे फक्त ती फाइल कॉपी करणं.
- कुठल्याही एका भाषा-मॉडेलची, म्हणजे एजंटमागच्या चॅटजीपीटीसारख्या एआयची, एपीआय की. घेतल्या घेतल्या तिच्यावर महिन्याची खर्चमर्यादा लावा. हे आज करा, उद्यावर टाकू नका.
- एनएसईची, म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची, रोजची भावकॉपी: त्या दिवशीच्या सगळ्या शेअरच्या भावांची फाइल. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर मोफत मिळते.
- पाहण्यापुरतं गूगल शीट.

कागदपत्रं? एकही नाही. पॅन, आधार, डीमॅट, रद्द केलेला चेक यातलं काही लागत नाही.

१. आधी सापळे ओळखा

'व्हर्च्युअल ट्रेडिंग'च्या नावाखाली कोणी पॅन मागत असेल, प्रवेश फी घेत असेल किंवा बक्षिसाचे पैसे देत असेल, तर तिथून निघा. शेअरच्या भावांवर चालणाऱ्या अशा आभासी स्पर्धा आणि फँटसी गेमपासून लांब राहा, असा इशारा शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने ऑगस्ट २०१६ मध्ये दिला होता आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा दिला. तिथे पैसे बुडाले तर गुंतवणूकदार-संरक्षणाच्या नेहमीच्या यंत्रणा मदतीला येत नाहीत. स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या शिकण्यासाठी मांडलेला हिशेब ही वेगळी गोष्ट.

दुसरा सापळा व्हॉट्सअ‍ॅपवरचा. कोणीतरी ग्रुपमध्ये घेतं, अ‍ॅप उतरवायला लावतं, अ‍ॅपमध्ये फायदा वाढत जाताना दिसतो आणि पैसे काढायला गेलं की 'आधी टॅक्स भरा' म्हणतात. ते अ‍ॅप म्हणजे नुसता आकडे दाखवणारा पडदा. पैसे गेले असतील तर तासाभरातच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, चौकीचा पत्ता शोधत बसू नका.

आणि तिसरा, जो स्वतःच्या हातून होतो. एजंटचे 'सिग्नल' सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा मोह. पैसे घेऊन सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते, सल्ला माणसाचा असो की मशीनचा.

२. दिवसाअखेरच्या भावांवर सुरुवात करा

बाजार सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३० चालतो, म्हणजे ३७५ मिनिटं. दर मिनिटाला एजंटला विचारायचं तर रोज ३७५ वेळा मॉडेलचं बिल. वर तुम्ही त्या वेळेत ठाणे-वाशी लोकलमध्ये लटकलेले नाहीतर मीटिंगमध्ये अडकलेले. काही बिघडलं तर बघणार कोण?

म्हणून क्रम असा ठेवा. संध्याकाळी भावकॉपी आली की ती डेटाबेसमध्ये भरायची. रात्री एजंटला एकदाच विचारायचं. त्याने मागितलेला सौदा दुसऱ्या दिवशीच्या उघडत्या भावाला झाला असं धरायचं आणि तो भाव दुसऱ्या दिवशीच्या भावकॉपीतून घ्यायचा. आजचा बंद भाव पाहून निर्णय घ्यायचा आणि सौदाही त्याच बंद भावाला झाला असं लिहायचं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तो भाव कळेपर्यंत बाजार बंद झालेला असतो!

गूगल शीटमधलं गूगलफायनान्स हे फंक्शन एनएसईचे भाव दाखवतं, पण ते वीस मिनिटांपर्यंत उशिराचे असू शकतात. बघायला ठीक, सौदा नोंदवायला नाही.

भाड्याच्या सर्व्हरवर स्क्रिप्ट ठेवणार असाल तर त्याचं घड्याळ बघा. बहुतेक सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असतात, तिथे आपले ९:१५ म्हणजे पहाटेचे ३:४५. सुट्ट्यांची यादीही हाताने भरा. 'शनिवार-रविवार बंद' एवढ्यावर भागत नाही. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार होता, पण अर्थसंकल्पामुळे बाजार चालू होता. २१ ऑक्टोबर २०२५ ला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुहूर्ताचे सौदे संध्याकाळऐवजी दुपारी पावणेदोन ते पावणेतीन या वेळात झाले.

३. एजंटला वही लिहू देऊ नका

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी नको.

एजंटशी चाललेलं संभाषण लांबत जातं. पहिल्या आठवड्यात त्याने इन्फोसिसचे ५० शेअर 'घेतले', नंतर २० 'विकले'. मधे बातम्या, तक्ते, तुमचे प्रश्न. महिन्याभराने तो अगदी ठाम स्वरात लिहितो: "सध्या आपल्याकडे इन्फोसिसचे ४० शेअर आहेत." तीस असायला हवेत. तो खोटं बोलत नसतो. भाषा-मॉडेल पुढचा शब्द जुळवतं, खातं सांभाळत नाही, आणि संभाषणाचा जुना भाग त्याच्या नजरेआड गेलेला असतो. पुढचा प्रत्येक निर्णय मग त्या चाळीसावर उभा राहतो.

ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या जुन्या दुकानात गिऱ्हाइकाला माल दाखवणारा वेगळा आणि वही लिहिणारा वेगळा, तशी वाटणी इथे करा. एजंटच्या हातात फक्त तीन साधनं द्या: भाव पाहणे, स्थिती पाहणे, ऑर्डर मागणे. नोंद करण्याचं साधन त्याला द्यायचंच नाही. नोंद तुमचा साधा, बिनडोक पायथॉन कोड करेल.

डेटाबेसमध्ये सुरुवातीला हे तक्ते पुरतात:

- मागण्या: एजंटने काय मागितलं, कधी, कोणत्या कारणाने आणि मॉडेलच्या कोणत्या आवृत्तीने. मॉडेल बदललं की वागणूक बदलते, म्हणून आवृत्तीचं नाव हवंच.
- सौदे: प्रत्यक्षात काय झालं असं धरलं. भाव, संख्या, खर्च.
- रोकड: पैशांची प्रत्येक आवक-जावक.
- भाव: भावकॉपीतून.
- बदल: बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर), स्प्लिट (एका शेअरचे तुकडे), लाभांश, नावबदल.

यात 'पोझिशन' नावाचा तक्ता नाही, हे लक्षात आलं असेल. मुद्दाम ठेवलेला नाही. हातात किती शेअर आहेत हे दर वेळी सौद्यांची आणि बदलांची बेरीज करून काढायचं. वेगळा तक्ता ठेवला की तो कधीतरी सौद्यांशी जुळेनासा होतो, आणि मग खरं कोणतं हे ठरवत बसावं लागतं.

सौद्यांतली ओळ कधीही खोडू नका, दुरुस्त करू नका. चुकली तर उलट नोंद टाका. तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही सीएला विचारा, तोही हेच सांगेल. रुपये दशांशात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवा. १,५०० रुपये ५० पैसे म्हणजे १५००५०. संगणक दशांश अपूर्णांक जसाच्या तसा साठवत नाही, आणि पैशापैशाची ही तूट नंतर शोधताना डोकं उठतं.

मागणी आणि सौदा यांच्यामध्ये एक दारवान बसवा. त्याने एवढं तरी तपासावं: रोकड पुरेशी आहे का, विकायला निघालेले शेअर खरंच हातात आहेत का, शेअर तुमच्या ठरलेल्या यादीतला आहे का, एकाच शेअरमध्ये ठरावीक टक्क्यांहून जास्त पैसे जात नाहीत ना. मी दहा टक्के ठेवतो. न घेतलेले शेअर विकायची मागणी एजंट बिनदिक्कत करतात, आणि ती नोंदली गेली की वहीत उणे संख्या येते. नाकारलेली मागणीही कारणासकट लिहून ठेवा. एजंट कसा विचार करतो हे झालेल्या सौद्यांपेक्षा नकारांच्या यादीत जास्त कळतं.

शेवटचं, दुबार नोंद. वीज गेली किंवा वायफाय तुटलं की स्क्रिप्ट पुन्हा चालते आणि तीच खरेदी दोनदा होते. प्रत्येक मागणीला तारीख आणि शेअर मिळून एक क्रमांक द्या आणि तो एकमेव असला पाहिजे असं बंधन डेटाबेसवरच घाला. दुसरी नोंद आपोआप परत फिरेल.

४. सौदा 'झाला' असं कधी धरायचं

पेपर ट्रेडिंगमधला बराचसा फायदा इथे जन्माला येतो, कारण कागदावर प्रत्येक ऑर्डर भरते.

लिमिट ऑर्डर, म्हणजे 'या भावाला किंवा त्याहून स्वस्तात घे' अशी मागणी, असेल तर भावकॉपीतला दिवसाचा नीचांक बघा. ५०० ला खरेदी मागितली आणि नीचांक बरोबर ५०० असेल तर सौदा झाला नाही असं धरा. त्या भावाला रांगेत तुमच्या पुढे किती जण होते कोणास ठाऊक. नीचांक ५०० च्या खाली गेला तरच नोंद.

शेअर अप्पर सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या भावाच्या वरच्या मर्यादेला, उघडून तिथेच बंद झाला असेल, म्हणजे उघडता, उच्चांक, नीचांक आणि बंद भाव चारही सारखे असतील, तर खरेदी झालीच नाही. विकणारा नव्हता. लहान कंपन्यांत एजंटचे डोळे दिपवणारे आकडे बहुतेक या दिवसांतून येतात. बाजारभावाच्या ऑर्डरला मी भाव ०.१ टक्का माझ्या विरोधात धरतो. हा माझा ठोकताळा आहे, कमी उलाढालीच्या शेअरला तो वाढवायला हवा.

५. खर्च पहिल्या दिवसापासून कापा

डिलिव्हरीवर (त्याच दिवशी न विकता) घेतलेल्या शेअरला एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, ०.१ टक्का, घेतानाही आणि विकतानाही. मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्का, फक्त घेताना. शिवाय ब्रोकरेज, एक्स्चेंजचं शुल्क, त्यांवर १८ टक्के जीएसटी आणि विकताना डीपी चार्ज, म्हणजे डीमॅट खात्यातून शेअर बाहेर काढण्याचं शुल्क.

५० शेअर १,५०० ला घेतले, १,५१० ला विकले. एजंट म्हणेल ५०० रुपये फायदा. घेताना एसटीटी ७५ रुपये, मुद्रांक ११ रुपये २५ पैसे, विकताना एसटीटी ७५ रुपये ५० पैसे. झाले १६१ रुपये ७५ पैसे. उरले ३३८ रुपये २५ पैसे, आणि बाकीची शुल्कं अजून कापायचीच आहेत. एका वर्षाच्या आत विकले म्हणून नफ्यावर अल्पकालीन भांडवली नफ्याचा कर, २३ जुलै २०२४ पासून २० टक्के. रोज उलाढाल करणारा एजंट आणि महिन्यातून दोनदा हात हलवणारा एजंट यांच्यातला फरक इथे उघडा पडतो.

दर एका छोट्या तक्त्यात 'या तारखेपासून लागू' अशा रकान्यासह ठेवा. ते बदलतात.

६. बोनस, स्प्लिट आणि बदललेली नावं

२८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्सच्या एकास एक बोनसची एक्स-डेट होती, म्हणजे त्या दिवसापासून भाव बोनस वजा करून चालू झाला. आदल्या सत्राच्या तुलनेत पडद्यावरचा भाव साधारण निम्मा झाला, शेअर दुप्पट. तुमच्या वहीत १०० चे २०० झाले नाहीत तर एका रात्रीत पन्नास टक्के तोटा दिसेल. स्टॉप-लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकायचा नियम, लावला असेल तर एजंट घाबरून सगळं विकून मोकळा होईल आणि वर त्याचं छानसं कारणही लिहील.

म्हणून रात्रीचा क्रम ठरवून टाका: आधी बदल लावायचे, मग भाव भरायचे, मग एजंटला उठवायचं. शेअर ओळखायला नावाऐवजी आयएसआयएन, म्हणजे प्रत्येक शेअरला दिलेला ओळख क्रमांक, वापरा. एप्रिल २०२५ मध्ये झोमॅटोचं बाजारातलं चिन्ह बदलून एटर्नल झालं, आयएसआयएन तोच राहिला. मात्र दर्शनी मूल्य विभागलं गेलं, म्हणजे स्प्लिट झाला, तर आयएसआयएनही बदलतो. तेव्हा जुना-नवा जोडणारी एक ओळ 'बदल' तक्त्यात हवी.

७. एजंटची आठवण: जास्तही आणि कमीही

एजंटला २०२० च्या जानेवारीत नेऊन बसवलं आणि मार्चपर्यंत चालवलं तर तो फेब्रुवारीतच बहुतेक शेअर विकून बसेल. तुम्ही खूश. पण २३ मार्च २०२० ला एनएसईचा निर्देशांक निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला हे त्याने शिकतानाच वाचलेलं आहे. ती परीक्षा नाही, फुटलेला पेपर आहे. मॉडेलचं शिक्षण ज्या तारखेला थांबलं त्यानंतरच्या दिवसांवरच त्याला तपासा. खरं तर आजपासून पुढे चालवणं हाच सरळ मार्ग. हळू आहे, पण इलाज नाही.

उलट बाजूने, अलीकडचे नियम त्याला माहीत नसतात. निफ्टीच्या वायद्याचा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा) लॉट, म्हणजे एका वेळी घ्यायची किमान संख्या, ५० होता, मग २५ झाला, मग ७५ आणि आता ६५. निफ्टीची एक्स्पायरी, म्हणजे वायद्याची मुदत संपायचा दिवस, गुरुवारी असायची, सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी आली. एजंट यातलं कोणतंही जुनं रूप खात्रीने सांगू शकतो. नियम तक्त्यातून द्या, आठवणीवर सोडू नका. नवख्याने वायदे-ऑप्शन मुळात यादीतच घेऊ नयेत असं माझं मत आहे.

एजंटला बातम्या वाचायला देत असाल तर एक लक्षात असू द्या: वेबपानावर लपवून लिहिलेली सूचना तो तुमचा हुकूम समजून पाळू शकतो. दारवान कोडमध्ये असावा, एजंटला दिलेल्या सूचनांत नाही, तो यासाठीच.

८. पहिला महिना एआयशिवाय

हे कोणाला पटत नाही, तरी सांगतो. सगळी रचना उभी राहिली की एजंटच्या जागी नाणेफेक बसवा. रोज यादीतला कुठलाही शेअर, घ्यायचा की विकायचा ते यादृच्छिक. मॉडेलचं बिल शून्य. वहीतल्या सगळ्या भेगा याच काळात दिसतात: सुट्टीच्या दिवशी नोंदलेला सौदा, दुबार खरेदी, न लागलेला लाभांश.

रोज रात्री एक ताळा जमला पाहिजे. सुरुवातीचं भांडवल, अधिक विकून झालेला नफा-तोटा, अधिक हातातल्या शेअरवरचा कागदी नफा-तोटा, अधिक लाभांश, वजा सगळा खर्च. ही बेरीज रोकड आणि हातातल्या शेअरची आजची किंमत यांच्या बेरजेइतकी यायला हवी, पैशापर्यंत. दोन्ही बाजू वेगवेगळ्या कोडने काढा, नाहीतर एकच चूक दोन्हीकडे जाऊन ताळा खुशाल जमेल. जुळला नाही तर त्या रात्री एजंटला उठवायचं नाही. टेलिग्रामवर स्वतःला एक निरोप पाठवण्याची सोय करा, एवढंच पुरे.

नंतर एआय आला तरी नाणेफेकवाला बंद करू नका. त्याच दारवानातून, तेच खर्च कापून त्याला शेजारी चालू ठेवा, आणि तिसरं खातं निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात, म्हणजे त्या निर्देशांकातलेच शेअर ठेवणाऱ्या फंडात, नुसतं पडून असलेलं धरा. एजंटच्या एका प्रतीवर विसंबू नका. तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून तीन-चार प्रती स्वतंत्र वह्यांवर चालवा. प्रतींमधलं अंतर प्रती आणि फंड यांच्यातल्या अंतरापेक्षा मोठं असेल तर तुम्ही नशीब मोजत आहात.

९. तयार साधनं

सगळं हाताने लिहायचं नसेल तर पर्याय आहेत. ट्रेडिंगव्ह्यूमध्ये पेपर ट्रेडिंग आहे, हाताने सराव करायला उत्तम. अल्पाका अमेरिकन बाजारासाठी फुकट पेपर खातं देते, सुरुवातीला एक लाख खोटे डॉलर असतात आणि एपीआय नीटनेटकी आहे. एजंट जोडायला शिकण्यासाठी ती चांगली, फक्त आपल्याकडचे खर्च आणि कर तिच्यात नाहीत. ओपनअल्गो हे मुक्तस्रोत साधन आपल्याच मशीनवर चालतं, भारतीय ब्रोकरांशी जोडतं आणि त्यात आभासी पैशांवर चाचणी घेण्याची सोय आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीने खुला केलेला एमसीपी हा प्रोटोकॉल वापरून एजंटला अशी साधनं जोडता येतात. जोडताना ऑर्डर टाकण्याची परवानगी बंद ठेवा. खऱ्या खात्याची की आणि पेपर खात्याची की एकाच फाइलमध्ये ठेवणं हा तर गुन्हाच समजा.

काहीही वापरलंत तरी सौद्यांची नोंद रोज आपल्या एसक्यूलाइटमध्ये उतरवून घ्या.

१०. खऱ्या पैशांकडे वळायचं म्हटलं तर

घाई नको. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. त्यांच्याकडे संगणक नव्हते असं नाही. बाजाराची तोंडओळख हवी असेल तर सेबी आणि तिची प्रशिक्षण संस्था एनआयएसएम यांची गुंतवणूकदारांसाठीची प्रमाणपत्र परीक्षा मोफत आहे, घरबसल्या देता येते.

तरीही पुढे जायचंच असेल तर फेब्रुवारी २०२५ चं सेबीचं परिपत्रक वाचा. किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो ट्रेडिंगचे, म्हणजे प्रोग्रामने ऑर्डर टाकण्याचे, नियम त्यात आहेत. ब्रोकरच्या एपीआयमधून जाणाऱ्या ऑर्डर ठरलेल्या स्थिर आयपी पत्त्यावरूनच (इंटरनेट जोडणीच्या न बदलणाऱ्या क्रमांकावरूनच) जायला हव्यात, आणि सेकंदाला ठरावीक मर्यादेहून जास्त ऑर्डर जाणार असतील तर अल्गोची एक्स्चेंजकडे नोंदणी लागते. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बहुधा बदलता असतो. स्थिर आयपीसाठी इंटरनेटवाल्याकडे अर्ज करावा लागतो आणि त्याचे वेगळे पैसे पडतात, नाहीतर स्थिर पत्त्याचा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. ब्रोकरकडे हा पत्ता आधी नोंदवावा लागतो. तो पुन्हा बदलायचे नियम काय आहेत, हे खातं उघडण्याआधीच विचारून घ्या.